‘तारीख’ आणि ‘शहरियत’

मराठी शाळांत जे पुस्तक ‘इतिहास व नागरिकशास्त्र’ म्हणून शिकवले जाते, तेच आमच्या उर्दू शाळांत ‘तारीख व शहरियत’ या नावाने येते. छापणारी बालभारतीच, अभ्यासक्रमही तोच. उर्दूत ‘तारीख’ म्हणजे इतिहास, आणि दिनांक म्हणजेही तारीखच. ‘शहरियत’ म्हणजे नागरिकशास्त्र, आणि नागरिकत्वालाही शहरियतच म्हणतात. आज आम्हाला ज्या विषयावर बोलायचे आहे तो सारा वाद या दोन शब्दांच्या दुहेरी अर्थांतच गुंतलेला आहे, म्हणून हे आरंभीच सांगून ठेवले.

वाद असा. गेल्या काही वर्षांत एक युक्तिवाद पुन्हा पुन्हा कानावर येतो. स्टाफरूममध्ये येतो, लग्नाच्या मांडवात येतो, रेल्वेच्या डब्यात येतो. “अमेरिकेत, इंग्लंडात, जर्मनीत नागरिक व्हायचे असेल तर इतिहासाची आणि राज्यघटनेची परीक्षा द्यावी लागते. आपल्याकडेही घ्या की! ज्याला देशाचा इतिहास ठाऊक नाही त्याने नागरिक म्हणून का मिरवावे?” बोलणारा बहुधा शिकलेला, सभ्य माणूस असतो. त्याच्या मनात वैर असतेच असे नाही. पण हे वाक्य बोलताना त्याची नजर कुणाकडे वळते, हे आम्ही पाहिले आहे. ती कधी शेजारच्या देशपांड्यांकडे वळत नाही.

या गृहस्थांना उत्तर दिले पाहिजे. तसेच ही परीक्षा द्यायला आमच्यातले जे लोक पेन्सिलीला टोक काढून बसले आहेत, त्यांनाही दिले पाहिजे. आमचे म्हणणे दोन वाक्यांत मांडतो. नागरिकत्वाला परीक्षा नको. नागरिकशास्त्र मात्र हवे. आज शिकवले जाते त्याच्या दसपट हवे.

आधी कायदा पाहू. आपला नागरिकत्व अधिनियम १९५५ सालचा. परक्या देशातून आलेल्या माणसाला देशीयकरणाने नागरिक व्हायचे असेल तर त्याच्या तिसऱ्या अनुसूचीत अटी दिल्या आहेत. ठरावीक वर्षे भारतात राहिलेला असावा, चांगल्या वर्तणुकीचा असावा, आणि राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील एखाद्या भाषेचे त्याला पुरेसे ज्ञान असावे. इतिहासाचा एकही प्रश्न त्यात नाही. आठव्या अनुसूचीत आज २२ भाषा आहेत. मराठी आहे आणि उर्दूही आहे. जी भाषा आम्ही रोज फळ्यावर लिहितो, जिला कुणीही उठून ‘बाहेरची’ म्हणतो, ती येत असेल तर भारतीय होण्याची भाषेची अट पुरी झाली, असे या देशाचा कायदा म्हणतो. आमच्या किती उर्दू शिक्षकांना हे माहीत आहे?

२०१९ मध्ये या कायद्यात दुरुस्ती झाली आणि ११ मार्च २०२४ रोजी तिचे नियम निघाले. पाकिस्तान, अफगाणिस्तान आणि बांगलादेशातून ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्या सहा धर्मांच्या लोकांना सवलत मिळाली, मुसलमानांना वगळले गेले. धर्म पाहून दार उघडण्यावर आमचा आक्षेप आहे आणि तो राहील. पण एक गोष्ट ध्यानात घ्या. त्या नियमांत भाषेची अट आणखी सैल केली आहे. अनुसूचीतील एखादी भाषा बोलता, वाचता किंवा लिहिता येणे पुरे. म्हणजे ज्यांना नव्याने नागरिक करून घ्यायचे आहे त्यांच्यापुढे सरकारने इतिहासाचा पेपर ठेवलेला नाही. मग जो इथेच जन्मला, ज्याचे आजोबा-पणजोबा इथल्या मातीत दफन आहेत, त्याच्यापुढे तो कोणत्या न्यायाने ठेवायचा?

परीक्षा नसणे ही काही विसरलेली बाब नाही. ती ठरवून नाकारलेली आहे. इंग्रजांच्या १९३५ च्या कायद्याखाली मताचा हक्क सर्वांना नव्हता. ज्याच्याकडे मालमत्ता, जो कर भरतो, जो अमुक इयत्ता शिकलेला, तो मतदार. बाकीची रयत. स्वतंत्र भारताच्या घटनाकारांपुढे तोच रस्ता खुला होता. अडाणी माणसाच्या हाती राज्य द्यायचे का, ही शंका तेव्हाही होती. १९५१ च्या जनगणनेत साक्षरतेचे प्रमाण १८.३३ टक्के निघाले. म्हणजे दर पाच माणसांत चार निरक्षर. अशा देशात घटनाकारांनी ३२६ वे कलम लिहिले आणि प्रत्येक प्रौढाला मत दिले. आधी नागरिक, मग साक्षर, असा क्रम त्यांनी लावला. आज ज्यांना तो क्रम उलटा करायचा आहे, त्यांना घटनेच्या नावाने घटनेच्याच विरुद्ध जायचे आहे.

नागरिक कोण, या प्रश्नावर घटना समितीत ऑगस्ट १९४९ मध्ये जी चर्चा झाली तिच्यात आपल्या विदर्भाचा एक मोठा माणूस होता. डॉ. पंजाबराव देशमुख. विदर्भातल्या बहुजनांच्या शिक्षणावर त्यांचे जे ऋण आहे ते आम्ही शिक्षक तरी विसरू शकत नाही. पण त्या दिवशी त्यांनी मांडलेली दुरुस्ती अशी होती की, जो धर्माने हिंदू किंवा शीख आहे आणि दुसऱ्या कोणत्या देशाचा नागरिक नाही, तो कुठेही राहत असो, त्याला भारताच्या नागरिकत्वाचा हक्क असावा. डॉ. आंबेडकरांच्या मसुद्यावर त्यांची तक्रार होती की, जन्म आणि वास्तव्य एवढ्यावर नागरिकत्व दिले तर ते जगात सर्वांत स्वस्त होऊन बसेल. घटना समितीने त्यांची दुरुस्ती नामंजूर केली. पाचवे कलम तसेच राहिले. इथे अधिवास असलेला जो इथे जन्मला, ज्याच्या आई-वडिलांपैकी एक इथे जन्मला, किंवा जो पाच वर्षे इथे राहिला, तो नागरिक. हे कलम तर २६ जानेवारी १९५० ची वाट न पाहता २६ नोव्हेंबर १९४९ रोजीच अमलात आले.

पंजाबरावांचा आदर राखून आम्ही म्हणतो: होय, स्वस्तच. पाण्यासारखे स्वस्त आणि पाण्याइतकेच गरजेचे. शेतमजुराला, विडी वळणाऱ्या बाईला, धानाच्या गिरणीतल्या हमालाला परवडेल इतके स्वस्त नागरिकत्व देणारा देश, हीच या प्रजासत्ताकाची शान आहे. ‘नागरिकत्वाची किंमत कळावी म्हणून परीक्षा घ्या’ असे म्हणणारे ती १९४९ ची तक्रारच नव्या कागदावर लिहून आणतात.

या स्वस्त नागरिकत्वाने काय घडते त्याचा दाखला आमच्याच भागात आहे. तेव्हा गोंदिया जिल्हा नव्हता, भंडारा जिल्ह्यातच होता. १९५४ मध्ये भंडारा लोकसभा मतदारसंघात पोटनिवडणूक झाली. राखीव जागेवर खुद्द डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे होते. ते पडले, काँग्रेसचे भाऊराव बोरकर निवडून आले. त्या निकालाची खंत आजही या भागात अनेकांना आहे, आम्हालाही आहे. पण जरा विचार करा. ज्यांनी मते दिली त्यांतल्या बहुतेकांना सही करता येत नव्हती. घटनेत किती कलमे आहेत हे त्यांना कुणी विचारले नव्हते. घटनेचा शिल्पकार त्यांच्या दारात मत मागायला आला, आणि त्याला नाही म्हणण्याचा हक्क त्यांना त्याच शिल्पकाराने दिलेला होता. मत देण्यापूर्वी घटनेचे ज्ञान तपासा, अशी मागणी बाबासाहेबांनी त्यानंतर केली नाही. जगातल्या कोणत्या नागरिकत्व परीक्षेत याहून मोठा धडा असेल?

आणि इतिहासाचेच म्हणाल तर गोंदियाच्या माणसाला कोणता इतिहास विचारणार? आमचे वाडवडील मध्य प्रांत व वऱ्हाडचे रहिवासी होते. मग ते मध्य प्रदेशचे झाले. १ नोव्हेंबर १९५६ ला मुंबई राज्याचे झाले. १ मे १९६० ला महाराष्ट्राचे. १ मे १९९९ पर्यंत जिल्हा भंडारा, त्यानंतर गोंदिया. चूल तीच, विहीर तीच, कब्रस्तान तेच. राज्य बदलताना कुणी त्यांना विचारले नाही की नव्या राज्याचा इतिहास पाठ आहे का. सकाळी उठले आणि महाराष्ट्रीय झाले. मराठी, हिंदी, छत्तीसगढी, गोंडी, उर्दू असे सगळे बोलणारा हा जिल्हा कोणाची परीक्षा न देता महाराष्ट्राचा झाला, आणि चांगला झाला.

आता परदेशांकडे वळू. कारण दाखला तिथलाच दिला जातो. इंग्लंडमध्ये २००५ पासून परीक्षा आहे. २४ प्रश्न, ४५ मिनिटे, १८ बरोबर यावे लागतात. जर्मनीत १ सप्टेंबर २००८ पासून ३३ प्रश्न विचारतात, १७ बरोबर हवेत. अमेरिकेत १०० प्रश्नांच्या यादीतून १० विचारत आणि ६ बरोबर आले की पास करत. २० ऑक्टोबर २०२५ पासूनच्या अर्जांना १२८ प्रश्नांच्या यादीतून २० विचारून १२ बरोबर मागतात. मुंबई-पुण्याची, आमच्या विदर्भाचीही मुले ती परीक्षा देतात, पास होतात. याला आमची हरकत नाही. का नाही? कारण ती बाहेरून येणाऱ्यासाठी आहे, प्रश्नांची तयारी आधी करता येते, नापास झाला तर पुन्हा बसता येते. आणि लंडनमध्ये जन्मलेल्या इंग्रजाला ती कोणी देत नाही. त्याला दिली असती तर किती इंग्रज देशाबाहेर गेले असते, हा विनोदाचा विषय आहे. म्हणजे आपल्याकडचे गृहस्थ ज्या परीक्षेचा दाखला देतात ती जन्मसिद्ध नागरिकाला लागूच नाही. तरी ते आमच्याकडे बोट दाखवून तिचे नाव घेतात, तेव्हा आम्ही बाहेरून आलेले आहोत असे त्यांनी मनात धरलेले असते. परीक्षेच्या आधीच निकाल लागलेला असतो.

परीक्षेचा चाळणी म्हणून कसा वापर होतो, याचाही इतिहास आहे आणि त्यात आपली माणसे आहेत. १८९७ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील नाताळ वसाहतीने कायदा केला की, येणाऱ्याला युरोपीय भाषेत अर्ज लिहिता आला पाहिजे. १९०२ मध्ये केप वसाहतीने तसाच कायदा केला. केपटाऊनमध्ये तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यातून गेलेले कोकणी मुसलमान राहत होते, कष्ट करून पोट भरत होते. ज्याला कुराण वाचता येत होते, हिशेब लिहिता येत होता, तोही या कायद्याने अडाणी ठरला. कायद्यात ‘हिंदी माणूस’ हा शब्दही नव्हता. वरून पाहता नियम सगळ्यांना सारखा, आत मात्र चाळणी. ऑस्ट्रेलियाने १९०१ मध्ये हीच युक्ती उचलली. अधिकारी सांगेल त्या युरोपीय भाषेत ५० शब्दांचे श्रुतलेखन. १९३४ मध्ये नको असलेला पत्रकार एगॉन किश तिथे उतरला. त्याला अनेक युरोपीय भाषा येत होत्या, म्हणून त्याला स्कॉटलंडच्या गेलिक बोलीत श्रुतलेखन घातले आणि नापास केले! पुढे तिथल्या उच्च न्यायालयाने हे मान्य केले नाही, हा भाग वेगळा. ती परीक्षा १९५८ पर्यंत चालली. अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत काळ्या नागरिकांना मतदार यादीत येऊ न देण्यासाठी वाचन-लेखनाची आणि राज्यघटनेच्या अर्थाची परीक्षा घेत. १९६५ च्या मताधिकार कायद्याने तिला चाप लावला. तिथे पेपर काढणारा, तपासणारा आणि नापास करणारा एकच गोरा कारकून असे.

अलीकडचे उदाहरण जर्मनीतच आहे. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याने १ जानेवारी २००६ पासून नागरिकत्वाच्या मुलाखतीसाठी ३० प्रश्नांची मार्गदर्शिका काढली. ती मुख्यतः मुस्लिम देशांतून आलेल्यांसाठी होती. बायको-मुलींना कसे वागवता, मुलगा समलिंगी निघाला तर काय कराल, असे प्रश्न. लोकांनी तिला ‘मुसलमान-परीक्षा’ हेच नाव दिले. सरकार बदलल्यावर २०११ मध्ये ती रद्द झाली. प्रश्न चांगले की वाईट हा मुद्दा नाही. स्त्रियांना समान वागवावे, हे आम्हीही आमच्या मोहल्ल्यात ओरडून सांगतो. मुद्दा हा की, एकाच्या मनाची झडती घ्यायची आणि दुसऱ्याचे मन न उघडताच स्वच्छ मानायचे, याला परीक्षा म्हणत नाहीत.

आमच्याकडे ही झडती कागदावर नाही, रस्त्यावर आहे. फेब्रुवारी २०२० मध्ये दिल्लीच्या दंगलीत पाच जखमी मुसलमान तरुण रस्त्यावर पडलेले आणि पोलीस त्यांना राष्ट्रगीत म्हणायला लावत आहेत, ही चित्रफीत साऱ्या देशाने पाहिली. त्यांतला एक २३ वर्षांचा मुलगा पुढे मरण पावला. जुलै २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने तो तपास सीबीआयकडे सोपवला. राष्ट्रगीत आमची मुले रोज सकाळी म्हणतात, मनापासून म्हणतात. पण लाठीखाली म्हटलेल्या राष्ट्रगीताला गुण द्यायचे कुणी? याच देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये बिजो इमॅन्युएल खटल्यात, धर्मश्रद्धेमुळे राष्ट्रगीत न गाणाऱ्या पण आदराने उभ्या राहणाऱ्या तीन मुलांना शाळेत परत घ्यायला लावले होते. खरे नागरिकशास्त्र त्या निकालपत्रात आहे. ते लाठी धरणाऱ्यांना शिकवायचे राहून गेले.

इथवर वाचून आमचे बांधव माना डोलावत असतील. आता थोडे त्यांच्याशी.

ही परीक्षा अन्यायाची आहे म्हणता, मग तुम्ही तिची उत्तरपत्रिका का लिहीत बसता? दर १५ ऑगस्टला, दर २६ जानेवारीला आमच्या शाळांत, संस्थांत, उर्दू वर्तमानपत्रांत एक यादी वाचली जाते. अशफाकउल्ला खान, मौलाना आझाद, हवालदार अब्दुल हमीद, डॉ. अब्दुल कलाम. ही माणसे थोर आहेत. मुलांना ती माहीत असावीत, जशी भगतसिंग आणि सावित्रीबाई माहीत असावीत. पण आम्ही ती यादी मुलांसाठी वाचत नाही. मांडवाच्या पहिल्या रांगेत बसलेल्या पाहुण्यांना ऐकू जावी म्हणून वाचतो. हुतात्म्यांना आपण जामीनदार करून ठेवले आहे. ज्याच्या घराण्यात कुणी फाशी गेले नाही, कुणी शास्त्रज्ञ झाले नाही, ज्याच्या बापाने आयुष्यभर फक्त तेंदूपत्त्याची पोती उचलली, तो नागरिक म्हणून कमी भरतो काय? यादी वाचताना आपण त्या बापाला हेच सांगत असतो. घराण्याच्या पुण्याईवर नागरिकत्व ठरू लागले तर या देशात फार थोडे लोक उरतील, आणि ते मुसलमानच कमी असतील असे नाही.

दुसरा दोष याहून मोठा. नागरिकशास्त्र आपण स्वतःच टाकून दिले आहे. दहावीच्या इतिहास-राज्यशास्त्राच्या पेपरला ४० गुण. पालक म्हणतात, गणित-विज्ञान पाहा, हे काय कामाचे? संस्थाचालक म्हणतात, हा विषय कुणालाही द्या. मग मूल ‘ग्रामसभेची बैठक वर्षातून किती वेळा होते’ हे पाठ करते, पण त्याच्या घरातले कुणी ग्रामसभेला जात नाही. काझी सय्यद करीमुद्दीन हे नाव किती वाचकांनी ऐकले आहे? मध्य प्रांत व वऱ्हाडातून घटना समितीत गेलेले हे वकील विदर्भाचे. डिसेंबर १९४८ मध्ये त्यांनी दुरुस्ती मांडली की, नागरिकाच्या घराची, कागदपत्रांची आणि अंगाची विनाकारण झडती घेता येऊ नये. ती घटनेत आली नाही. पण २०१७ मध्ये पुट्टस्वामी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, तेव्हा निकालपत्रात करीमुद्दीनांच्या त्या दुरुस्तीची चर्चा झाली. आपल्या शेजारच्या माणसाने साऱ्या देशाच्या घराच्या दाराला कडी मागितली होती. तो काही ‘मुसलमानांचे योगदान’ दाखवायला उभा राहिला नव्हता. सगळ्या नागरिकांचे काम करत होता. आमच्या यादीत तो नाही, कारण त्याच्या नावाने टाळ्या पडत नाहीत.

खरा धोका पुढेच आहे. इतिहासाच्या परीक्षेवर वाद घालत असताना ज्या पेपरवर नागरिकत्व ठरते तो केव्हाच वाटला गेला आहे. तो दुसऱ्या अर्थाच्या ‘तारखे’चा पेपर आहे. १९५५ च्या कायद्यात पुढे झालेल्या दुरुस्त्यांनुसार, २६ जानेवारी १९५० पासून १ जुलै १९८७ पूर्वी भारतात जन्मलेला माणूस जन्मानेच नागरिक. त्यानंतर ३ डिसेंबर २००४ पूर्वी जन्मलेल्याच्या आई-वडिलांपैकी एक जण नागरिक हवा. त्यापुढे जन्मलेल्याचे दोघेही नागरिक हवेत, किंवा एक नागरिक आणि दुसरा बेकायदा स्थलांतरित नको. आमची पिढी दुसऱ्या रांगेत बसते. आमचे विद्यार्थी तिसऱ्या रांगेत. म्हणजे सातवीतल्या मुलाच्या शहरियतचा पुरावा त्याच्या बापाच्या आणि आईच्या तारखेत आहे.

आणि त्या तारखा कशा लिहिल्या गेल्या? जुन्या दाखल-खारीज रजिस्टरात पाहा. पान उलटावे तसे १ जून, १ जुलै, १ जुलै, १ जून. बाप म्हणाला पोरगा पेरणीच्या वेळी झाला, गुरुजींनी अंदाजाने तारीख टाकली. हिंदू, मुसलमान, गोंड, सगळ्यांच्या पोरांना हीच तारीख. कुणाचे बिघडले नाही. पण ज्याच्यापुढे १ जुलै १९८७ लिहिले गेले तो कायद्याने दुसऱ्या रांगेत गेला. ३० जून लिहिले असते तर पहिल्या रांगेत असता. नावांचेही तसेच. आमच्याकडे एक पालक तीन कागद घेऊन आले. एकावर मोहम्मद, दुसऱ्यावर मो., तिसऱ्यावर महंमद. आईचे नाव एकीकडे बी, एकीकडे बेगम, एकीकडे बानो. एका कार्यालयाने त्यांना तीन वेळा परत पाठवले होते. त्या माणसाला पानिपतची तिन्ही युद्धे तोंडपाठ आहेत. काय उपयोग?

कुणाला वाटेल, हा फक्त मुसलमानांचा प्रश्न. आमच्याच अर्जुनी मोरगाव तालुक्यात चला. तिथे पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली निर्वासितांच्या वसाहती आहेत. तिथेच गोठणगावजवळ १९७२ पासून तिबेटी लोकांची वसाहत आहे. १९८७ पूर्वी भारतात जन्मलेली तिबेटी मुलगी जन्मानेच भारतीय आहे, हे मान्य करून घ्यायला नामग्याल डोलकर या तिबेटी तरुणीला दिल्ली उच्च न्यायालयात जावे लागले आणि डिसेंबर २०१० मध्ये तिच्या बाजूने निकाल लागला. तिला ना भारताचा इतिहास विचारला गेला ना घटना. निकाल जन्माच्या तारखेवर झाला. तारीख आणि कायदा ज्याला वाचता येतो तो उभा राहतो, हे आमच्या शेजाऱ्यांकडून आम्ही शिकावे.

आता महाराष्ट्रातच पाहा. उशिरा नोंदवलेल्या जन्माच्या दाखल्यांवरून मालेगावपासून अमरावती-अकोल्यापर्यंत आरोपांचा धुरळा उडाला. जानेवारी २०२५ मध्ये राज्य सरकारने असे दाखले देणे थांबवले आणि मार्च २०२५ मध्ये कडक नियम आणले. खोटा दाखला काढणाऱ्यावर खुशाल खटला भरा. आम्ही त्याची बाजू घेणार नाही. पण घरी बाळंत झालेल्या आईचे मूल आणि घुसखोर यांना एकाच पोत्यात भरू नका. जून २०२५ मध्ये तर मुंबई परिसरात पकडलेल्या पश्चिम बंगालच्या मजुरांना बांगलादेशाच्या हद्दीत ढकलले गेले आणि भारतीय असल्याचे दिसल्यावर परत आणावे लागले. बिहारमध्ये २०२५ साली मतदार यादीची विशेष सखोल फेरतपासणी झाली तेव्हा ११ कागदपत्रांची यादी निघाली. आधार कार्ड घ्यायला सर्वोच्च न्यायालयाला सप्टेंबरमध्ये सांगावे लागले. त्या ११ कागदांत मॅट्रिकचे प्रमाणपत्र होते. म्हणजे फिरून फिरून शाळेची परीक्षा आलीच! जो शिकला त्याच्याकडे कागद, ज्याची शाळा गरिबीने सुटली तो हात चोळत उभा. घटनाकारांनी पुढच्या दाराने हाकललेली शिक्षणाची अट अशी मागच्या दाराने आत येते. आणि हे फॉर्म घेऊन दारोदार कोण फिरते? बीएलओ म्हणून नेमलेला शिक्षक, अंगणवाडी सेविका. म्हणजे आम्हीच.

तेव्हा परीक्षा मागणाऱ्या गृहस्थांना आमचे सांगणे असे. तुम्हाला नागरिकांचे ज्ञान खरेच वाढवायचे असेल तर नागरिकशास्त्राचे गुण वाढवा, शिक्षक द्या, शाळेची रिकामी पदे भरा. परीक्षाच घ्यायची तर वरून सुरू करा. आमदार-खासदार होण्यासाठी घटनेने शिक्षणाची अट घातलेली नाही, याची खंत डॉ. राजेंद्रप्रसादांनी घटना समितीच्या समारोपात बोलून दाखवली होती. ती खंत तशीच राहिली. पण हरियाणात २०१५ मध्ये सरपंच-पंच होण्यासाठी शिक्षणाची अट घातली गेली आणि सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. जितका माणूस लहान तितकी परीक्षा मोठी, हा कुठला न्याय?

आणि आमच्या बांधवांना, विशेषतः उर्दू शाळांतल्या सहकाऱ्यांना. सफाई देणे थांबवू या. १५ ऑगस्टच्या भाषणातली दहा मिनिटे कमी करून त्या वेळात मोहल्ल्यातल्या दहा घरांचे जन्मदाखले पाहू या. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांना शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत जन्मदाखलाच लागणार आहे, हे प्रत्येक सुनेला, प्रत्येक सासूला ठाऊक झाले पाहिजे. आठवीच्या मुलांकडून माहिती अधिकाराचा अर्ज वर्गातच लिहून घेऊ या. सेवा हमीचा २०१५ चा कायदा शिकवू या. दाखला ठरलेल्या मुदतीत दिला नाही तर अपील कुणाकडे करायचे, हे मुलाला पाठ असू द्या. नावाचे स्पेलिंग तीन भाषांत एकसारखे कसे ठेवायचे, हा धडा पुस्तकात नसला तरी शिकवू या. शेजारच्या गोंड पाड्यावर, बंगाली वसाहतीत, धनगराच्या वाडीत हीच अडचण आहे. तिथेही जाऊ या. कारण हे काम एकट्या कौमचे म्हणून केले तर अर्धेच होईल.

‘हम भारत के अवाम’ या शब्दांनी उर्दू पुस्तकातली उद्देशिका सुरू होते. त्या ‘हम’मध्ये शिरायला कोणी गेटपास मागितला तर तो दाखवायचा नाही. ज्याला तो मागण्याचा अधिकार आहे असे वाटते, त्याला कोणत्या कलमाखाली मागता ते विचारायचे. एवढा प्रश्न आमच्या पोरा-पोरींना न घाबरता, न चिडता, शुद्ध मराठीत आणि शुद्ध उर्दूत विचारता आला, की आमचा पगार हलाल झाला.